सुसुन : मेळघाटातलं नृत्य, झारखंडचा शब्द

अकोटच्या उत्तरेला, नरनाळा किल्ल्यापलीकडे सातपुड्यातल्या मेळघाटात कोरकू आदिवासींच्या वस्त्या लागतात. इथे पुरुष ढोल-बासरी वाजवतात आणि बाया हातात हात गुंफून एका ओळीत पावलं टाकतात. या नाचाला ‘सुसुन’ म्हणतात. शेकडो किलोमीटर दूर झारखंडमधल्या मुंडारी भाषेतही नाचाला ‘सुसुन’च म्हणतात! कोरकू ही मुंडा भाषाकुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा, त्यामुळे शब्दाचं मूळ बऱ्यापैकी स्पष्ट आहे. चालीचं मात्र तसं नाही. ढोल-बासरी शेजारच्या द्रविडभाषक गोंडांकडेही आहे. त्यामुळे कोणी कोणाकडून घेतलं, हे वाद्यांवरून ठरत नाही. मेळघाटात होळीच्या दिवसांत सुसुन जरूर पाहा.