कला काना का

‘कला काना का, कला पहिली वेलांटी कि, कला दुसरी वेलांटी की...’ या घोषावर आपल्या कितीतरी पिढ्या वाचायला शिकल्या. या घोषातच किती मुलांचं वाचन अडकून पडलं, याची मोजदाद मात्र कुणी ठेवली नाही.

क ते ळ ही ३४ व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ रूपं होतात. पुढे जोडाक्षरं आहेत आणि एकट्या ‘र’च्याच चार तऱ्हा: कर्म, क्रम, ट्रक, दऱ्या. पहिली वेलांटी आधी लिहायची, उच्चारायची मात्र नंतर. जुन्या क्रमात सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत स्वरचिन्हं येत नाहीत. तोवर मुलाने वाचायचं काय, तर नळ, घर, बदक. पण मूल घरात बोलतं ते पाणी, भाकरी, कोंबडी. या शब्दांना काना-वेलांटी लागतेच. म्हणजे ज्या शब्दांशी त्याची जवळीक, तेच सर्वांत उशिरा हाती येतात. माझ्या मते मराठी वाचनातली पहिली अडचण हीच आहे.

अक्षरगटाची वाट वेगळी आहे. क, म, र ही तीन अक्षरं घ्यायची आणि त्यांच्याबरोबरच काना व दुसरी वेलांटी द्यायची. एवढ्यावर काका, काकी, मामा, मामी, मका, रमा, मीरा असं अर्धं गणगोत वाचता येतं! मग पुढचा गट.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी या प्रश्नाला आयुष्य दिलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्याच मराठीवर पीएच.डी. केली, दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवलं आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. लिपीची शिस्तशीर ओळख आणि सुरुवातीपासून अर्थपूर्ण वाचन, अशी त्यांची सांगड. वाडा तालुक्यात सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही नीलेश निमकर यांची संस्था २००७ पासून आदिवासी भागात काम करते आहे. तिथे आणखी एक पेच असतो: पुस्तकाची मराठी ही मुलाच्या घरची बोली नसते.

मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाकाळातल्या शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ती २०.५ टक्क्यांवर आली. उरलेल्यांसमोरही पुस्तक तिसरीचंच उघडलं जातं, कारण अभ्यासक्रम पुरा करायचा असतो.

‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात अशा मागे राहणाऱ्या मुलांसाठी बऱ्याच आधी बालसखीचा उपाय केला होता. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन पाया पक्का करून घेई. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची मोजणी केली. सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच भाग ओसरलाही. या दुसऱ्या निष्कर्षाकडे मी अधिक गांभीर्याने पाहतो. हे दोन तास पाहुण्यासारखे येऊन चालणार नाही, ते वर्गशिक्षकाच्याच वेळापत्रकात बसवावे लागतील.

त्यासाठी साधनं फार लागत नाहीत. पहिलीतलं मूल सांगतं, ‘आमची शेळी व्याली.’ बाई ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहितात. मूल त्याखाली बोट फिरवत वाचतं. ‘व्या’ हे जोडाक्षर अजून शिकवलेलं नसतं, तरी बोट तिथे थांबत नाही.