दहा नंबरचा पाना कुठे गेला?

गाडीची लहानसहान कामे घरच्या घरी करता येतात. मात्र त्यासाठी नेमकी अवजारे घेता आली पाहिजेत आणि घेतलेली अवजारे वेळेवर सापडली पाहिजेत.

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. साताऱ्याहून पुण्याकडे परतताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि शिरवळच्या अलीकडे आमच्या गाडीचे मागचे चाक बसले. मागच्या सीटवर पाच वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली. पत्नी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसली होती. मी डिकी उघडली. स्टेपनीत हवा भरपूर होती, जॅकही जागेवर होता. नव्हता तो फक्त चाकाचा पाना! पंधरा दिवसांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तो मागून नेला होता. परत द्यायचे ते विसरले, मागायचे मी विसरलो.

शेजारून ट्रक धडधडत जात होते. पाऊण तासाने एक टेम्पोवाला थांबला. त्याच्या क्रॉस पान्याने नट सैल झाले आणि घरी पोहोचायला दीड वाजला. मुलगी बरी झाली, पण पत्नीने विचारलेला प्रश्न अजून आठवतो, "एवढी हत्यारे घेतलीस, मग पाना नेमका कुठे होता?"

खरेच, घरात हत्यारांची कमतरता नव्हती. स्क्रूड्रायव्हर तर सात निघाले. तीन स्वयंपाकघराच्या खणात, दोन मुलीच्या खेळण्यांत. दहा नंबरचा पाना मात्र एकही नाही. हा अनुभव बहुतेक गाडीमालकांना असतो. जपानी धाटणीच्या गाड्यांत बॅटरीच्या टर्मिनलपासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जिथेतिथे दहा मिलिमीटरचा नट असतो. म्हणून सर्वांत जास्त वापरला जातो तोही हाच पाना आणि हरवतो तोही हाच.

मोठी पेटी घेण्याची घाई

पहिली गाडी घरी आली की हौसेने शंभर-सव्वाशे तुकड्यांची पेटी विकत घेतली जाते. पेटी उघडली की डोळे दिपतात. पण त्यातले निम्मे तुकडे म्हणजे स्क्रूड्रायव्हरची बारीक टोके, आणि ती आयुष्यात एकदाही लागत नाहीत. शिवाय स्वस्त पेटीतला रॅचेट दोनचार घट्ट नट सोडवले की दात टाकतो. त्यापेक्षा थोडी पण चांगली अवजारे घ्यावीत, पुढे काम निघेल तशी भर घालावी. पहिल्या दिवशी सगळे घेण्याची गरज कुणाला नसते. दुकानदाराला ती वाटते, एवढेच.

सुरुवात आठ दुतोंडी पान्यांच्या संचाने करावी. आपल्याकडे त्याची मापे साधारण ६-७ पासून २०-२२ मिलिमीटरपर्यंत असतात. त्याच मापांचे रिंग पाने घेतले तर उत्तमच. उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सगळीकडून धरतो, त्यामुळे घट्ट नटाचे कोपरे झिजत नाहीत. म्हणून आवळलेला नट रिंगने सैल करावा आणि मग उघड्या पान्याने भराभर फिरवून काढावा. कुठल्याही मेकॅनिकला नीट पाहा, तो हेच करतो.

याशिवाय एक पक्कड, एक चिमटा पक्कड, लहानमोठे दोन चपटे आणि दोन फुलीचे स्क्रूड्रायव्हर, प्लग पाना, एलन की, हवेचा दाब मोजायचे गेज आणि चांगली बॅटरी, म्हणजे टॉर्च. सॉकेटचा संच हवाच असेल तर तो सहा कोनी घ्यावा. स्क्रू पाना, म्हणजे तोंड लहानमोठे करता येणारा पाना, नळाच्या कामाला ठीक. गाडीच्या नटावर तो सरकतो आणि नट गोल करून ठेवतो. मी स्वतः एकदा ऑइल ड्रेनच्या नटावर हा पराक्रम केला आहे. तो नट काढायला पुढे गॅरेजवाल्याला वेल्डिंग करावे लागले. बिल कुणी भरले हे सांगायला नको.

मापाबाबत एक गोष्ट जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी ध्यानात ठेवावी. ॲम्बेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, त्यामुळे तिला इंचाचे पाने लागतात. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला आणि तिच्यानंतरच्या गाड्यांना मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो खरा, पण थोडा ढिला. जोर लावला की कोपरे गेलेच समजा.

कुठे आणि कसे घ्यावे?

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार, अशा ठिकाणी अवजारे किंवा गाडीचे सामान विकणाऱ्यांची रांगच असते. पंजाबातल्या जालंधर-लुधियानाची हातअवजारे परदेशात जातात आणि नाशिकच्या टपारियाचे पाने देशभर गॅरेजांत दिसतात. तेव्हा चांगल्या मालासाठी परदेशी नावामागे धावण्याचे कारण नाही. क्रोम व्हॅनेडियम असे कोरलेले असले तरी तेवढ्यावर जाऊ नये, कारण कोरायला कुणालाही येते. पान्याच्या तोंडाच्या आतल्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. त्या सरळ आणि स्वच्छ असाव्यात, मुलाम्याचे पापुद्रे नसावेत. शक्य तर माप माहीत असलेला एखादा नट खिशात घेऊन जावे आणि बसवून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

जुन्या बाजारात कधीकधी उत्तम जुने पाने मिळतात. मात्र तोंड फाकलेला पाना फुकट मिळाला तरी घेऊ नये. आणि जॅक किंवा गाडीखाली लावायची घोडी जुनी कधीच घेऊ नये. पाना सरकला तर हाताची साल निघते, जॅक सरकला तर माणूस जातो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नये. विटांचा ढीग म्हणजे घोडी नव्हे, वीट वजनाखाली एकाएकी फुटते. वीट वापरायचीच तर जमिनीवरच्या चाकामागे, गाडी घसरू नये म्हणून.

बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात. आधी ऋण टोकाची वायर सोडवावी आणि शेवटी तीच जोडावी. नाहीतर धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागला की ठिणग्यांचा पाऊस पडतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरी यांना घरी हात लावू नये. चांगले पाने आहेत म्हणून आपण मेकॅनिक होत नाही.

हिशेब हत्यारांचा

माझे बडोद्याचे एक काका गिरणीत फिटर होते. त्यांच्या प्रत्येक पान्याच्या दांड्यावर लाल रंगाचा पट्टा असतो. भिंतीवर प्लायवूडचा फळा, त्यावर खिळे, आणि प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगाने काढलेली. पाना उचलला की त्याचा आकार भिंतीवर रिकामा दिसतो. काय गेले ते शोधावे लागत नाही, फळाच सांगतो. जपानी कारखान्यांतून ही पद्धत जगभर गेली म्हणतात, काकांना ते ठाऊक नाही. फळ्याशेजारी दोरीला बांधलेली वही असते. काय दिले, कुणाला, कधी, आणि परत आले की फुली. सख्ख्या भावालाही सवलत नाही. मागच्या दिवाळीत मी चौदा-पंधराचा पाना घेऊन आलो, तर आठ दिवसांत फोन, "अरे, फुली राहिली आहे."

पूर्वी आम्ही त्यांना हसायचो. पण पाने मोजण्याचे महत्त्व फार मोठ्या ठिकाणीही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सिडनीत क्वांटासच्या एका ए-३८० विमानाच्या इंजिनात तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे अवजार राहून गेले. ते परत आलेले नाही हे लक्षात येऊनही शोध पूर्ण होण्याआधी विमान सोडले गेले. ते ३४ फेऱ्या, सुमारे २९४ तास उडाले आणि १ जानेवारी २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये ते अवजार सापडले. अपघात झाला नाही हे सर्वांचे नशीब. आपल्या गाडीतही बॉनेटखाली विसरलेला पाना पंख्याच्या पात्यात किंवा बेल्टमध्ये सापडू शकतो. म्हणून काम संपले की आधी अवजारे मोजावीत, मग बॉनेट लावावे. माझा दहा नंबरचा पाना इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पडलेला सापडला. तीन महिने तो आमच्याबरोबर फिरत होता!

फ्लॅटमध्ये फळ्याला भिंत कुठून आणायची? मग कॅनव्हासची गुंडाळी घ्यावी, तिच्या प्रत्येक कप्प्यावर माप लिहावे. गुंडाळताना रिकामा कप्पा नजरेत भरतो. काम चालू असताना सुटे नट आणि पाने जमिनीवर न ठेवता जुन्या ताटात ठेवावेत. सगळ्या अवजारांचा एक फोटो मोबाइलमध्ये असावा. पावसाळ्यात पाने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा, किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तर बारा महिने. वर्षातून एकदा खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतोच. त्याच दिवशी ती मोजली, घासली आणि उधारीवर गेलेली परत आणली तर पूजेपेक्षा जास्त उपयोग होईल.

चाकाचा पाना मात्र या सगळ्यातून वेगळा ठेवावा. तो गाडीचा, घराचा नव्हे. तो कुणालाही द्यायचा नाही, आणि दोनचार महिन्यांनी एकदा दिवसाउजेडी, घराच्या अंगणात स्टेपनी लावून पाहायची. पंक्चरवाल्याने हवेच्या बंदुकीने नट किती आवळले आहेत हे तेव्हाच कळते. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर द्यावा. आमच्याकडे हे काम आता पत्नीही करते. पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायची आठवणही तीच देते. वरचे शेजारी परवा पाना मागायला आले होते. तिने त्यांना दुकानाचा पत्ता दिला.