गोल्फचा कोच निवडताना

भिलाईच्या हौशी माणसाला गोल्फचे मोठे मैदान पाहायला आता नागपूर किंवा पुणे गाठावे लागत नाही. नवा रायपूरमध्ये ‘फेअरवे’ हा कोर्स आहे. खरी अडचण असते ती कोच निवडण्याची. उत्तम खेळणारा उत्तम शिकवेलच असे नाही.

म्हणून आधी प्रमाणपत्र पाहावे. इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकॅडमी कोचना प्रशिक्षण देऊन प्रमाणित करते. मग त्याची दुसऱ्याला चाललेली शिकवणी बाजूला उभे राहून बघावी. एका वेळी एकच चूक दाखवून ती सुधारून घेणारा कोच चांगला. दहा सूचनांचा मारा करणारा टाळावा.

सुरुवातीचे धडे ग्रिप, उभे राहण्याची ढब आणि निशाण साधण्याचे असतात. नियमाने बॅगेत १४ स्टिक चालतात, पण नवख्याला एक सेव्हन आयर्न आणि एक पटर पुरतो.

पटिंगला, म्हणजे पटरने चेंडू होलमध्ये ढकलण्याला, दुय्यम मानू नये. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या कोर्सवर दर होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ! केवळ लांब फटके मारायला शिकवणाऱ्या कोचकडे पूर्ण महिन्याची फी आगाऊ भरू नये.