काच पुन्हा पुन्हा का अडते?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पिकअपच्या दाराची काच सुरळीत वरखाली होत असते, तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. ती अर्ध्यावर अडली की मात्र दिवसाचा सगळा हिशोब विस्कटतो. नेऱ्याहून पनवेलकडे माल घेऊन निघणाऱ्या माणसाला ही काच किती वेळा उघडावी लागते, ते त्यालाच विचारा. टोलनाक्यावर, कंपनीच्या गेटवर पावती दाखवताना, अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना मान बाहेर काढून बघायला. माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याचा हा मुलूख. जूनपासून चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने धूळ. काच उघडी राहिली तर सीट भिजते, बिल्टी भिजते, आणि गाडी उभी करून चहाला जायचीही सोय राहत नाही.

बऱ्याच पिकअपना अजून हँडल फिरवूनच काच चढवावी लागते. त्यांचं बरं आहे. वरच्या मॉडेलला मात्र बटण असतं. बटणाची काच तशी जुनीच. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने ती १९४० साली आणली, तीही तेलाच्या दाबावर चालणारी. पुढे विजेची मोटर आली. आपल्या मालवाहू गाड्यांपर्यंत ही सोय पोचायला कित्येक दशकं गेली, आणि सोयीबरोबर दुखणंही आलं.

तक्रार बहुतेकांची एकच असते. बटण दाबलं, काच उतरली, आता चढत नाही. गॅरेजमध्ये गेलं की मोटर बदलतात. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मोटर. तिसऱ्यांदा मालक वैतागतो, काच पाचर मारून कायमची बंद करतो आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. काचेच्या बाबतीत बहुधा हेच होतं. एकदा गेलेली मोटर आपल्या मरणाने गेली असेल. पण सहा-सहा महिन्यांनी जाणारी मोटर मरत नाही, ती मारली जाते. मारणारा दाराच्या आतच बसलेला असतो. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. ओळ अडते तेव्हा चूक पुष्कळदा तिच्या आधीच्या ओळीत असते.

आधी दाराच्या आत काय असतं ते पाहू. आतलं आवरण, म्हणजे डोअर पॅड, काढलं की एक लहानशी मोटर दिसते. तिच्या टोकाला स्क्रूसारखे आटे आणि त्यांना लागून एक दातेरी चाक. या रचनेमुळेच काच हाताने दाबून खाली जात नाही. मोटर ज्या सांगाड्याला फिरवते त्याला मेकॅनिक ‘मशीन’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार. एकात कात्रीसारखे हात असतात. दुसऱ्यात सायकलच्या ब्रेकसारखी तार, वरखाली प्लास्टिकच्या पुल्या आणि एक पट्टी. काच दोन्ही बाजूंना रबराच्या खोबणीतून सरकते. या खोबणीला आतून मखमलीसारखं अस्तर असतं.

आता मोटरीचा स्वभाव बघा. काच मोकळी सरकत असेल तर मोटर मोजका करंट घेते. रबर कोरडं पडलं, खोबणीत माती बसली किंवा काच तिरकी झाली की तीच मोटर दुप्पट, तिप्पट करंट ओढते. करंट तिप्पट झाला की गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. वीज शिकलेल्या कुणालाही हे गणित माहीत असतं. बऱ्याच मोटरींत उष्णता वाढली की करंट तोडणारा छोटा कट-आउट असतो. म्हणून काच तीन-चार वेळा वरखाली केल्यावर मोटर गप्प बसते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मालकाला वाटतं, गाडीला भूतबाधा झाली. प्रत्यक्षात ती मोटर सांगत असते की मला ओझं जास्त होतंय. तिचं न ऐकता बटण दाबून धरलं की कार्बन जळतात, दातेरी चाकाचे दात जातात, नाहीतर तार तुटते.

दुसरा मारेकरी पाणी. दाराच्या आत पाणी जातं, यात दोष काही नाही. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी बाहेरचं रबर अडवू शकत नाही, हे गाडी बनवणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणूनच दाराच्या तळाला लहान भोकं ठेवलेली असतात. पाणी वरून आत यावं आणि खालून निघून जावं. पण आपल्याकडे त्या भोकांत धूळ आणि माती साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग दार म्हणजे हौद होतो. गाडी वळणावर घेतली की आत डचमळल्याचा आवाज येतो. मोटरीला गंज, कपलरला हिरवा क्षार, आणि दाराचा पत्राही आतून सडायला लागतो. त्यातच डोअर पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी घाईघाईत तो फाडून फेकून देतात. तो कागद शोभेचा नसतो, केबिनमध्ये पाणी येऊ न देण्यासाठी असतो. तो नसला की पायाखालची मॅट भिजते, आणि मालक पाणी कुठून येतं ते छतात शोधत बसतो.

तिसरा मारेकरी वायर. दार आणि बॉडी यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, रबराची एक नळी असते. तिच्यातून वायरी दारात जातात. दार जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा त्या वायरी वाकतात. माल पोचवणाऱ्या गाडीचं दार दिवसभर उघडझाप होतं. काही वर्षांनी वायरीतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. वरचं आवरण शाबूत, आत दोन-चार तारा शिल्लक. अशा वायरीतून मोटरीला पुरेसा करंट मिळत नाही. काच रखडत चढते, आणि दोष मोटरीवर येतो.

चौथी गोष्ट बटणाची. मोटरीला दोनच वायरी. एकीतून बॅटरीचा प्लस दिला की काच वर, दुसरीतून दिला की खाली. उरलेली वायर त्या वेळी अर्थला जोडलेली असावी लागते. बऱ्याच गाड्यांत डाव्या दाराच्या मोटरीचा हा अर्थ ड्रायव्हरच्या दारावरच्या मुख्य बटणातून जातो. म्हणजे डावी काच बंद पडली आणि दोष उजव्या दाराच्या बटणात, असं होऊ शकतं. डाव्या दाराला दोन मोटरी लागल्यावरही काच हलत नाही, तेव्हा हे आठवावं. पावसात ड्रायव्हरची काच उघडी असते, पाणी नेमकं त्या बटणावर पडतं.

मग दोष शोधायचा कसा? पैसे लागत नाहीत, फक्त क्रम चुकवायचा नाही. सगळ्याच काचा एकदम बंद असतील तर मोटर विसरा. आधी फ्यूज आणि रिले बघा. एकच काच बंद असेल तर ती दोन्ही बटणांवरून चालवून बघा. एका बटणावर चालते आणि दुसऱ्यावर नाही, तर दोष बहुधा बटणात. दोन्हींवर चालत नसेल तर संध्याकाळी केबिनचा दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरीपर्यंत करंट पोचतोय, पण काच किंवा मशीन अडलंय. दिवा जराही हलला नाही तर करंटच पोचत नाही. मोटरीचा आवाज येतो आणि काच हलत नाही, तर तार तुटली किंवा दात गेले. दार उघडं असताना काच चालते आणि लावल्यावर चालत नाही, किंवा याच्या उलट, तर बिजागरीजवळची वायर तुटली असं समजा.

वायर तपासताना नुसत्या मीटरवर विसंबू नका. एकच केस शिल्लक असलेली वायरही मीटरवर बारा व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. मोटरीच्या कपलरला हेडलाइटचा बल्ब लावून बटण दाबा. बल्ब लख्ख पेटला तर वायर आणि बटण ठीक. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी गळा आवळलेला आहे.

मोटर खरोखर गेली असेल तर बदलावी लागेलच. पण त्या वेळी मेकॅनिकला दोन गोष्टी सांगा. एक, जुनी मोटर मला दाखव. तिच्यावर गंज असेल तर शत्रू पाणी. जळका वास असेल तर शत्रू ओझं. दात तुटले असतील तर काच कुठेतरी अडकते आहे. जुना पार्ट म्हणजे दुखण्याची चिठ्ठी असते, ती न वाचता भंगारात टाकू नये. दोन, नवी मोटर लावण्याआधी काच मशीनपासून सोडवून हाताने खोबणीत सरकवून बघ. हाताला जड लागली तर मोटरीलाही जड लागणार. मग रबर स्वच्छ करा, फाटलं असेल तर बदला, पट्टी वाकली असेल तर सरळ करा. त्यानंतरच मोटर.

खोबणीत इंजिन ऑइल किंवा ग्रीस घालायची आपल्याकडे फार सवय. दोन दिवस काच लोण्यासारखी चालते. मग त्या तेलावर धूळ बसते, तिचं उटणं होतं, रबरही फुगतं, आणि काच पूर्वीपेक्षा जड होते. खोबणी ओल्या फडक्याने पुसावी, वाळू द्यावी आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. ग्रीसची जागा मशीनच्या लोखंडी सांध्यांत, काचेच्या वाटेत नाही. दारात हात घालण्याआधी फ्यूज काढून ठेवा. कात्रीचं मशीन नावाप्रमाणेच वागतं, बोट सापडलं तर सोडत नाही.

भर पावसात काच अर्ध्यावर अडली तर? एकाने बटण दाबावं आणि दुसऱ्याने दोन्ही तळवे काचेच्या आतून-बाहेरून टेकवून ती वर उचलायला मदत करावी. मोटर अगदी मेलेली नसेल तर एवढ्या आधाराने काच पुष्कळदा चढते. इंजिन चालू ठेवा, म्हणजे व्होल्टेज पुरेसं मिळतं. चढल्यावर दुरुस्त होईपर्यंत त्या बटणाला हात लावू नका.

इथवर बोललो ते पैशांबद्दल आणि मनस्तापाबद्दल. पण काचेशी जिवाचाही संबंध आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या गाड्यांत, बंद काचांच्या आड, माणसं गुदमरून गेली. दार का उघडलं नसेल, याचा हिशोब सोपा आहे. बाहेर पाणी दाराच्या तळापासून साठ सेंटीमीटर चढलं, आत अजून आलेलं नाही आणि दार मीटरभर रुंद आहे, असं धरा. त्या दारावर बाहेरून सुमारे १८० किलोचा जोर असतो. तो आतून खांद्याने ढकलून हटत नाही.

म्हणून गाडी पाण्यात सापडली तर दाराशी झटापट नको. पट्टा सोडा, काच खाली करा, आणि खिडकीतून बाहेर पडा. हे पहिल्या मिनिटाभरातच करायचं. वायरिंगमध्ये पाणी शिरेपर्यंत मोटर बहुधा चालते, पुढे तिचा भरवसा नाही. काच उतरली नाही तर ती फोडावी लागते. त्यासाठी लहान टोकदार हातोडी हाताशी हवी. मागे हौद्यात, ताडपत्रीखाली ठेवलेली हातोडी उपयोगाची नाही. घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घालायचा, समोरच्या काचेवर नाही. समोरची काच दोन थरांची चिकटवलेली असते, ती तडकते पण वाट देत नाही. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. गाढी नदीच्या काठी राहणाऱ्यांना पाण्याचा वेग मी काय सांगावा?

केबिनमध्ये लहान मुलं असतील तर आणखी एक. चावी लावून गाडीतून उतरू नका. खेळता खेळता गुडघा बटणावर पडतो आणि मान काचेत सापडते. सगळ्याच गाड्यांच्या काचा अडथळा लागल्यावर आपोआप मागे फिरत नाहीत.

आपल्याकडे मिरगाच्या आधी घर शाकारतात, कौलं चाळतात, गटारं उपसतात. या यादीत पिकअपची दोन दारंही घाला. खोबणी पुसा. बिजागरीजवळची रबरी नळी फाटली आहे का बघा. फ्यूजच्या डब्यात एक जादा फ्यूज ठेवा, पण मूळ आकड्याचाच. मोठा फ्यूज घातला तर जळायची पाळी वायरीवर येते. आणि झाडूची एक काडी घेऊन दाराच्या तळाची भोकं मोकळी करा. वरून तांब्याभर पाणी ओता. ते खालून धारेने निघालं की समजा, यंदाच्या पावसात मोटरीवरचं निम्मं संकट टळलं.