पाणी आणि पानी



गेल्या महिन्यात आपल्या स्टुडिओत एक ताई आल्या होत्या. बियाणं कसं राखावं, हे त्यांच्याइतकं आमच्या पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नाही. राखेत कुठलं घोळवायचं, मडक्यात कुठलं ठेवायचं, कडुलिंबाचा पाला कशात घालायचा, हे सगळं बाहेर ओट्यावर बसून त्या तासभर सांगत होत्या. मग आत नेलं, माईक समोर ठेवला आणि ताई गप्पच झाल्या. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "माझं बोलनं अशुद्ध हाय. मी पानी म्हनते. शाळेत सगळ्या वर्गासमोर दहादा म्हनायला लावायचे, पोरं हसायची. आता काय, गाव हसंल."

त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं हसू अजून त्यांच्या गळ्यात अडकलेलं होतं. म्हणून आज ठरवलं, की हीच गोष्ट नीट उलगडून बघायची. तोंडातून आवाज निघतो कसा? 'पाणी' आणि 'पानी' यांत नेमका फरक काय? आणि त्यात शुद्ध-अशुद्ध कुठं असतं? हातातलं काम चालू द्या, फक्त अधूनमधून एक हात मोकळा ठेवा.

सुरुवात श्वासापासून करू. पेटीला जसा भाता, तशी आपल्याला फुप्फुसं. आपण बोलतो ते बाहेर जाणाऱ्या श्वासावर. हा श्वास गळ्यातल्या स्वरयंत्रातून वर येतो. तिथं दोन मऊ पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. ते जवळ आले की श्वासानं थरथरतात आणि आवाजाला नाद येतो. पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बायकांचे दोनशेच्या आसपास. म्हणून आपला आवाज बारीक.

आता गळ्यावर हात ठेवा आणि लांब 'स्ऽऽऽ' म्हणा. काही थरथर नाही. आता 'म्ऽऽऽ' म्हणा. हाताला लागली ना थरथर? ज्या आवाजात ती असते तो घोष, नसते तो अघोष. 'प' आणि 'ब' म्हणताना ओठ अगदी तेच करतात, फरक फक्त गळ्यातल्या त्या थरथरीचा.

तसंच 'म्ऽऽऽ' म्हणत राहा आणि नाक चिमटीत धरा. आवाज बंद! कारण 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि श्वास नाकातून जात असतो. टाळूचा मागचा मऊ भाग हे नाकाच्या वाटेचं दार आहे. ते उघडं असलं की अनुनासिक आवाज निघतात, म, न, ण असे. सर्दी झाली की 'मला' म्हणायला जावं आणि 'बला' ऐकू यावं, त्याचं कारण हेच. दार उघडलं तरी पुढची वाट चोंदलेली!

तिसरी गंमत. तळहात तोंडासमोर धरा. 'काल' म्हणा, मग 'खाल' म्हणा. 'ख'ला हातावर हवेचा झोत जास्त लागतो. तो ज्यात असतो ते महाप्राण, नसतो ते अल्पप्राण.

आणि स्वर? स्वरांत श्वासाला कुठंच अडवायचं नाही, फक्त तोंडाच्या पोकळीचा आकार बदलायचा. डॉक्टर घसा बघताना 'आ कर' म्हणतात, कारण 'आ'ला जीभ सगळ्यांत खाली जाते. 'ई'ला जीभ पुढून वर उचलते आणि ओठ फाकतात. 'ऊ'ला ती मागून उचलते आणि ओठांचा चंबू होतो. जीभ पुढं की मागं, वर की खाली, ओठ गोल की पसरट, एवढ्यावरून स्वर ओळखता येतो.

व्यंजनांत मात्र श्वासाला कुठंतरी अडवायचं असतं. दोनच प्रश्न विचारायचे: कुठं अडवला आणि कसा अडवला? कुकरसारखी वाट पूर्ण बंद करून मग एकदम सोडली, की 'प', 'त', 'क' हे स्पर्श आवाज. बारीक फटीतून हवा घासत सोडली, की 'स', 'श' हे घर्षक. 'ल'ला जिभेचं टोक वर टेकलेलं असतं आणि हवा बाजूंनी निघते. खोटं वाटतं? 'ल'साठी जीभ टेकवा आणि तशीच ठेवून श्वास आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागेल.

आता 'कुठं' या प्रश्नाचं उत्तर. ते तुम्हाला पहिलीपासून पाठ आहे! क, च, ट, त, प, हळूहळू म्हणा आणि जिभेकडे लक्ष ठेवा. 'क'ला जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळच्या मऊ टाळूला लागतो. 'च'ला जिभेचा मधला भाग टाळूला. 'ट'ला टोक वर वळून टाळूला. 'त'ला टोक वरच्या दातांना. 'प'ला जीभ नाहीच, ओठाला ओठ. आवाज घशाकडून एकेक घर पुढं सरकत ओठांवर आला! आणि प्रत्येक ओळीत आडवं जा: क अघोष, ख अघोष पण महाप्राण, ग घोष, घ घोष आणि महाप्राण, शेवटी ङ अनुनासिक. पाचही ओळींत हाच क्रम. म्हणजे बाराखडीच्या पुस्तकातला तो तक्ता हा आपल्या तोंडाचा नकाशाच आहे.

हा नकाशा फार जुना आहे. वेदांचे उच्चार पिढ्यान्‌पिढ्या बिघडू नयेत म्हणून आपल्याकडच्या जुन्या अभ्यासकांनी अडीच हजार वर्षांच्या सुमारास आवाजाचं स्थान आणि प्रयत्न यांची बारकाईनं मांडणी केली. जगभरच्या भाषांसाठी आज जो तक्ता वापरतात, तो १८८६ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेचा. त्यातही हेच दोन प्रश्न आहेत, कुठं आणि कसं. फक्त तो ओठांपासून निघून घशाकडे जातो, आपला घशापासून ओठांकडे.

पण अक्षर म्हणजे आवाज नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. स्वयंपाकघरात चला. 'चूल', 'चटणी', 'चाळण' म्हणा. मग 'चिमटा', 'चिवडा', 'चिंच' म्हणा. पहिल्या तीन शब्दांत जिभेचं टोक दातांकडे जातं, 'त्स'सारखं. दुसऱ्या तिन्हींत जीभ टाळूला लागते. अक्षर एक, आवाज दोन. 'हे जग सुंदर आहे' यातला 'जग' आणि 'तू सुखानं जग' यातला 'जग' लिहायला सारखे, पण म्हणायला वेगळे. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. आईच्या बोलण्यातून ऐकलं आणि जिभेनं उचललं.

आता आपल्या ताईंच्या 'पानी'कडे येऊ. 'न' आणि 'ण' दोन्ही घोष, दोन्ही अनुनासिक. 'न'ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. 'ण'ला तेच टोक थोडं मागं वळून टाळूला लागतं. एवढाच फरक, बोटभराचासुद्धा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. आगरी-कोळी बोलीत 'पानी' म्हणतात, 'डोळा'चा 'डोला' होतो. वऱ्हाडीत 'डोया' म्हणतात. हा एकेकट्या बाईचा हलगर्जीपणा नाही, ती त्या बोलीची रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, नियमानं चालणारी.

काही जण म्हणतात, यांची जीभच जड, 'ण' वळत नाही. बरं, मग त्याच ताईंना 'भांडं' म्हणायला सांगा. 'घंटा' म्हणायला सांगा. अनुस्वाराचा ठिपका पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. 'आंबा'त तो 'म' असतो, 'संत'मध्ये 'न' आणि 'भांडं', 'घंटा' यांत चक्क 'ण'. ताई रोज शंभर वेळा हा 'ण' म्हणतात, भांडी घासताना, अंडी मोजताना. जीभ पुरेपूर वळते. त्यांच्या बोलीत 'पानी' या शब्दात तो आवाज नाही, इतकंच.

शिवाय बघा, हिंदीत 'पानी' हाच शब्द प्रमाण आहे. बातम्यांत तो मोठ्या रुबाबात म्हणतात. तोच शब्द, तीच जीभ. सीमेपलीकडे शुद्ध आणि अलीकडे अशुद्ध? मग दोष जिभेत नसून आपल्या कानांत आहे.

आणि जे हसतात त्यांनी 'भाषा' हा शब्द म्हणून बघावा. त्यातला 'ष' मुळात 'ट'च्या घरातला, जीभ वळवून म्हणायचा. आपण जवळजवळ सगळेच तो 'श'सारखा म्हणतो. 'ऋषी'तला 'ऋ' हा मुळात स्वर, आपण 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि' म्हणतात. तिथं कोणी कोणाला दहा वेळा म्हणायला लावत नाही. 'ण'चा 'न' करणारे गावात, वस्तीवर राहतात. 'ष'चा 'श' करणारे शहरात राहतात, पुस्तकं लिहितात. हसू येतं ते आवाजाचं नव्हे, माणसाच्या पायरीचं.

मग मुलांना 'ण' शिकवायचा नाही का? जरूर शिकवायचा. सगळ्यांना वाचता यावं म्हणून लिहिण्याची एक रीत लागतेच. 'मन' आणि 'मण' लिहिताना वेगळे ठेवावे लागतात. पण शिकवायचं ते जीभ कुठं टेकते हे दाखवून. "'भांडं' म्हण, त्यातला मधला आवाज धर, तोच 'पाणी'त घाल," एवढं सांगितलं की मूल दोन मिनिटांत शिकतं. आणि घरी ते आजीशी 'पानी'च म्हणालं, तर ते आजीचं नातवंड आहे म्हणून.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगते, कारण तिथं गप्प बसून चालत नाही. लहान मूल आधी ओठांचे आवाज काढतं, 'बाबा', 'मामा'. घशाकडचे आवाज आणि 'र', 'ळ' नंतर येतात. दोन-तीन वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' म्हणालं तर काळजी नको. पण वर्षाचं झालं तरी आवाजाकडे वळून बघत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, चार वर्षांचं झालं तरी बाहेरच्यांना त्याचं बोलणं समजत नाही, असं असेल तर वेखंड चाटवत वाट बघू नका. आधी कान तपासा. जे ऐकूच येत नाही ते जीभ कुठून उचलणार? बाळाची टाळू दुभंगलेली असेल, तर नाकाचं दार बंदच होत नाही आणि 'प', 'ब'साठी तोंडात हवा साठत नाही. त्यावर शस्त्रक्रिया होते आणि ती लहानपणीच झालेली चांगली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा त्यांना मोकळेपणानं विचारा. ही अडचण, तिला उपचार आहे. 'पानी' ही बोली, तिला उपचार नको.

गेल्या मंगळवारी मी त्या ताईंच्या घरी गेले. त्यांना 'भांडं' म्हणायला लावलं, मग 'घंटा'. त्या म्हणत राहिल्या, मग स्वतःच हसल्या. म्हणाल्या, "म्हंजी मला येतंय की!" मी म्हटलं, "येतंच. पण तुम्ही 'पानी'च म्हणा, ऐकणाऱ्यांना समजतं." त्यांच्या बियाण्यांच्या गोष्टी आता आपल्याकडे रेकॉर्ड झाल्या आहेत. त्यात 'पानी' बरेचदा आलंय. मी एकही कापलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनाच ऐका. नमस्कार.