कोणत्या देवाबद्दल विचारताय?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला जिन्यात गाठून विचारलं, “सर, तुम्ही आस्तिक की नास्तिक?” मी म्हटलं, “कोणत्या देवाबद्दल विचारतोयस?” त्याला वाटलं, मी प्रश्न टाळतोय. टाळत नव्हतो, आणि का टाळत नव्हतो ते आज सांगतो.

आपल्याकडे ‘नास्तिक’ हा शब्द जुन्या ग्रंथांत ईश्वराशी बांधलेला नव्हताच. पाणिनीच्या टीकाकारांनी तो परलोक न मानणाऱ्याला लावला, मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला. त्यामुळे गंमत अशी झाली की जगाचा कर्ता न मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले. कुमारिल भट्ट तर वेदांचे कट्टर कैवारी. तरीही श्लोकवार्तिकात ते विचारतात की, शरीरच नसेल तर या निर्मात्याला जग करण्याची इच्छा व्हावी कशी? आणि दयेपोटी केलं म्हणावं, तर जग एवढं दुःखाने भरलेलं का? आज कुणी हे बोललं तर त्याला आपण नास्तिक म्हणू.

उलट न्यायकुसुमांजली लिहून ईश्वर सिद्ध करू पाहणारे उदयनाचार्य घ्या. त्यांचा ईश्वर परमाणू निर्माण करत नाही. परमाणू नित्यच आहेत. कुंभार मातीचं मडकं घडवतो तसा तो जग घडवतो. शून्यातून सगळं निर्माण करणारा ख्रिस्ती परंपरेतला देव हा नव्हे. म्हणजे एकाला नाकारणारा दुसऱ्याला नाकारतोच, असं नाही.

आता स्पिनोझा. 1656 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. त्याच्या लेखी देव आणि निसर्ग एकच. कित्येकांनी त्याला नास्तिक ठरवलं. पुढे नोव्हालिस या जर्मन कवीने त्यालाच देवाने झपाटलेला माणूस म्हटलं. लिखाण तेच, शिक्के मात्र परस्परविरोधी! निसर्ग आहे हे कोण नाकारणार? पण मग ‘देव’ या शब्दाने निराळं काय सांगितलं, हे मला विचारावंसं वाटतं.

अज्ञेयवादाचंही तसंच आहे. हा शब्द इंग्रजीत हक्स्लेने 1869 साली घडवला. पण “आपल्याला काय ठाऊक!” म्हणून हात झटकणं म्हणजे अज्ञेयवाद नव्हे. व्याख्येतच विसंगती असेल, चौकोनी वर्तुळासारखी, तर सरळ ‘नाही’ म्हणायचं. देव प्रार्थना ऐकून रोग बरा करतो असं म्हणणं असेल, तर बरे होतात का ते बघायचं. व्याख्या सुसंगत आहे, पण पुरावा कुठून आणायचा ते सांगता येत नाही, अशा ठिकाणीच अज्ञेयवादाला खरी जागा. तिथेही 1936 साली एयर म्हणाला की, असं विधान निरर्थकच. मग ते नाकारणारा नास्तिक आणि ‘माहीत नाही’ म्हणणारा अज्ञेयवादी, दोघांचंही बोलणं निरर्थक. एयरचा निकष पुढे टिकला नाही, पण टोचणी लावून गेला.

मला खरी तक्रार करायची आहे ती व्याख्या बदलण्याबद्दल. नवस बोलताना देव ऐकतो, रागावतो, पावतो. वादात अडचण आली की तोच एकदम निर्गुण होतो, ‘एक शक्ती’ होतो. वाद संपला की पुन्हा नारळ! नास्तिकही कमी नाहीत बरं का. नवसाच्या देवाची खिल्ली उडवायची आणि शंकराचार्यांचं ब्रह्म खोडून काढलं म्हणून मिरवायचं. ही दोन्हीकडची लबाडीच आहे.

तर त्या तरुणाने थोडा विचार केला आणि म्हणाला, “आजी आजारी असताना घरातल्या सगळ्यांनी ज्याला साकडं घातलं, तो देव.” आजी वाचली नव्हती, हे त्याच्या आवाजावरून कळलं. मी म्हटलं, “त्या देवाबाबत मी नास्तिक आहे. स्पिनोझाच्या देवात मला नाकारण्यासारखं काही सापडत नाही. आणि मुळात काहीच नसण्याऐवजी हे सगळं का आहे, यामागे कुणी आहे का, हे मला माहीत नाही.”

तो बराच वेळ जिन्यातच उभा होता. उदयनाचार्यांचा कार्यकारणाचा युक्तिवाद पुढच्या वेळी घेऊ.