नंदुरबारच्या चौकातली पाच नावं

आज ९ सप्टेंबर. नंदुरबारला कधी गेलात, तर माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापाशी जरूर थांबा. पाचही नावं सावकाश वाचा: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा.

'छोडो भारत' आंदोलनाला १९४२ साली याच दिवशी बरोबर महिना झाला होता. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. गावातून शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली, शिरीषकुमारच्या हातात तिरंगा होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि ही मुलं गेली. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. म्हणजे त्याला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं!

आडनावं पाहा. मेहता, शहा, वाणी, केतकर. गुजरातच्या सीमेवरच्या या बाजारपेठेत गुजराती आणि मराठी घरं शेजारी शेजारी नांदत आली आहेत, आणि त्या दिवशी त्यांची पोरं एकाच घोळक्यात होती. मला हे फार मोठं वाटतं.

शिरीषकुमारचं नाव निदान धड्यांतून, भाषणांतून कानावर येतं. उरलेले चौघे मात्र 'आणि त्याचे साथीदार' एवढ्यात संपतात. हे मला खटकतं. ज्या वर्गात ही मुलं बसत, तिथे दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना गुरुजींचा आवाज कसा निघाला असेल?

तुमच्या शाळेत आज त्यांची आठवण काढली असेल, तर पाचही नावं घेतली का, तेवढं खाली सांगा.